पंखाचा पत्रा बंद होण्याआधी या

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली

विषय : हौसेने घरी विमान बांधणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने तपासणीची सोय करण्याबाबत

महोदय,

मी देवगड तालुक्यात राहतो. नोकरीची सगळी वर्षं आयटीआयमध्ये शीट मेटलचा शिल्प निदेशक, म्हणजे पत्राकाम शिकवणारा मास्तर, होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त झालो आणि गावच्या घरी परत आलो. घराला लागून एक मांगर आहे. त्यात पूर्वी पेंढा आणि आंब्याच्या पेट्या असत. आता तिथे दोन आसनांच्या एका छोट्या विमानाचं शेपूट तयार होऊन भिंतीला टांगलेलं आहे आणि उजव्या पंखाचा सांगाडा टेबलावर आहे. हे पत्र त्या पंखासाठी आहे. देशात माझ्यासारखे जे कोणी निवृत्तीनंतर हे काम हाती घेऊ पाहतात, त्यांच्यासाठीही आहे. पत्र जाहीर करतो आहे, कारण हा प्रश्न एका मांगरापुरता नाही.

मी सवलत मागत नाही. नियम सैल करा असंही म्हणत नाही. मागणी एकच आहे : घरी बांधलेल्या विमानाची तपासणी सगळं बांधून झाल्यावर नको, बांधता बांधता करा. त्यासाठी जवळपासचा, जाणकार, तुमच्या अधिकाराचा माणूस नेमून द्या. आणि सुरुवात करणाऱ्याने पहिल्या दिवशी कोणाकडे जायचं, हे सांगणारं एक साधं पान सगळ्यांना वाचता येईल अशा भाषेत काढा.

एक गैरसमज आधीच दूर करतो. आपल्याकडे विमान बांधणाऱ्या मराठी माणसाचा विषय निघाला की बोलणं लगेच शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं की नाही, याकडे वळतं आणि तिथेच अडकून बसतं. त्या वादात मला पडायचं नाही. मी जे बांधतोय त्याला पूर्ण आराखडे आहेत, ताणाचं गणित आहे, आणि त्याच आराखड्यांवरून बांधलेली विमानं आज अनेक देशांत उडत आहेत. ख्रिस हाइंट्झ या अभियंत्याने हौशी माणसाला साध्या हत्यारांनी बांधता यावीत म्हणूनच आखलेल्या, अल्युमिनियमच्या, उंच पंखांच्या विमानांपैकी हे एक. मोटारसायकलचं इंजिन आणि बांबू जोडून केलेला खेळ हा नव्हे, आणि तसल्या खेळाला कोणी परवानगी द्यावी असं मलाही वाटत नाही.

जगात या छंदाला मोठी आणि शिस्तीची परंपरा आहे. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीला एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉशला भरतो आणि तिथे लोक स्वतः बांधलेली विमानं स्वतः उडवत घेऊन येतात. अमेरिकेतला नियम असा की, विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतःच्या हाताने केलेलं असलं पाहिजे, आणि ते शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेलं असलं पाहिजे. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी सुरू केलेल्या एकाच कंपनीच्या किटवरून घरोघरी बांधलेली दहा हजारांहून जास्त विमानं उडाली आहेत. एका विमानाला दीड-दोन हजार तास सहज लागतात. नोकरी-धंद्यात असलेल्याला ते तास चोरावे लागतात. निवृत्त माणसाकडे ते असतात.

आता कामाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझी मागणी त्या कामातूनच आली आहे.

मी आयुष्यभर मुलांना जी.आय. पत्र्यावर स्क्राइबरने रेघ ओढायला शिकवलं. खोल, ठळक रेघ, म्हणजे कापताना कात्री भरकटत नाही. विमानाच्या पत्र्यावर स्क्राइबर चालत नाही. ६०६१-टी६ जातीचा हा अल्युमिनियमचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. त्यावर ओरखडा राहिला तर इंजिनाच्या थरथरीने आणि हवेच्या दाबाने भेग सुरू होते ती तिथूनच. शिसपेन्सिलही चालत नाही. तिच्यातलं ग्राफाइट आणि अल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की पत्रा त्या रेघेवर खाल्ला जातो. बारीक टोकाचा मार्कर वापरायचा. जी.आय. पत्रा दुमडून हातोडीने सपाट केला तरी सहन करतो, हा करत नाही. वळणाला आतल्या अंगाने साधारण तीन मिलिमीटरची गोलाई ठेवावी लागते, नाहीतर बाहेरच्या अंगाला इतकी बारीक चीर जाते की ती भिंगाशिवाय दिसायची नाही.

मग जोड. दोन पत्रे एकावर एक धरून भोकं पाडायची. भोकाभोकात क्लेको बसवायचे. या स्प्रिंगच्या छोट्या पकडी असतात. एक अष्टमांश इंचाच्या भोकाचे क्लेको तांबूस रंगाचे असतात. त्यांची रांग लागली, सगळी भोकं जुळली, की रिव्हेट मारून मोकळं व्हावंसं वाटतं. पण तसं करायचं नाही. सगळे क्लेको काढायचे, पत्रे पुन्हा सुटे करायचे, प्रत्येक भोकाची दोन्ही बाजूंची बर, म्हणजे भोक पाडताना कडेला उठलेली धारदार कोर, काढायची, मध्ये अडकलेला कीस पुसून घ्यायचा, पत्रा पत्र्याला चिकटतो त्या दोन्ही अंगांना प्रायमर लावायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, आणि मग पुन्हा जोडून रिव्हेट मारायचे. एका पंखात असे जोड किती, याची कल्पना आपल्या अभियंत्यांना आहे. हे काम कंटाळवाणं नाही. मला तरी ते कधी वाटलं नाही. पण ते असं काम आहे की कोणी बघत नसताना नीट केलं तरच नीट होतं.

आणि वरचा पत्रा बसून शेवटचा रिव्हेट लागला की यातलं काहीच दिसत नाही. बर काढली होती का, प्रायमर जोडाच्या आत पोचला होता का, भोक पत्र्याच्या कडेपासून पुरेसं दूर होतं का, पाण्याचा निचरा होणारी छिद्रं मोकळी आहेत का, पंखाच्या कण्याला, म्हणजे आतल्या मुख्य आडव्या तुळईला, बसवलेले बोल्ट कॅडमियमचा मुलामा असलेले विमानाचेच आहेत की हार्डवेअरच्या दुकानातले. विमान तयार झाल्यावर कितीही मोठा अधिकारी आला तरी त्याला बाहेरचा रंग दिसेल, आणि फार तर झाकणातून बॅटरीचा उजेड पाडून चार वीत आतलं दिसेल. म्हणून म्हणतो, पंख उघडा असताना या.

आमच्या किनाऱ्यावर तर हे दुप्पट गरजेचं आहे. समुद्राच्या अंगाच्या खिडकीचे गज आम्हाला दर वर्षी रंगवावे लागतात. जून लागला की मिठाची आणि ओलाव्याची हवा कपाटातल्या कपड्यांपर्यंत पोचते. ६०६१ जातीचा पत्रा विमानात वापरल्या जाणाऱ्या '२०२४' क्रमांकाच्या दुसऱ्या अल्युमिनियम पत्र्यापेक्षा गंज जास्त सोसतो हे खरं, पण पोलादी बोल्ट आणि अल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी साचलं की दोन धातूंतला झगडा सुरू होतो आणि त्यात अल्युमिनियमच हरतं. बंद पंखाच्या आत पांढरी भुकटी धरायला लागली तर ती बाहेरून कळत नाही. पावसाळ्यात मी प्रायमरचं काम बंद ठेवतो. तेव्हा मोजमाप, कापणी, फॉर्मिंग ब्लॉकवर, म्हणजे लाकडी साच्यावर, पंखाच्या बरगड्या ठोकणं अशी कामं चालतात, आणि रंगाचं काम दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर. कोकणात विमान बांधणाऱ्याला नक्षत्रं पाळावीच लागतात.

नक्षत्रांवरून आठवलं. महोदय, आपल्याच खात्याच्या सफदरजंगच्या तांत्रिक केंद्राने एके काळी ग्लायडर आखले आणि उडवले. त्यांची नावं अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. रोहिणी हा लाकडी, दोन आसनांचा शिकाऊ ग्लायडर १९६१ मध्ये उडाला. पुढे १९९० मध्ये त्याच केंद्राचं स्वाती हे दोन आसनी शिकाऊ विमान उडालं. आमच्याकडे रोहिणीत धूळपेरणी होते, मृगाकडे सगळा गाव डोळे लावून असतो, आणि स्वातीचा पाऊस कापणीला आलेल्या भाताला नको असतो. ही नावं वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं. ज्या कार्यालयाकडे आज आम्ही परवानगीसाठी बघतो, त्याच कार्यालयातल्या माणसांनी लाकूड घासलं, कापड ताणलं, आणि स्वतः आखलेल्या पंखांवर विश्वास ठेवला. छोटं विमान हाताने कसं बांधतात हे आपल्या खात्याला बाहेरून शिकावं लागणार नाही. ते आपल्या दप्तरात आहे.

तपासणीची रीतही नव्याने शोधायची नाही. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन ही सभासदांची संस्था आहे. तिचे तपासनीस देशभर विखुरलेले आहेत. हौशी माणूस बांधायला लागतो तेव्हाच त्याचं काम नोंदलं जातं, तपासनीस टप्प्याटप्प्यावर येऊन बघतो, सही करतो, आणि शेवटी संस्थेच्या शिफारशीवर तिथलं नागरी विमान प्राधिकरण उड्डाणाचा परवाना देतं. अमेरिकेत झाकण्याआधीची सरकारी तपासणी पूर्वी सक्तीची होती, ती पुढे १९८३ मध्ये बंद झाली. आता तिथे संघटनेचे स्वयंसेवक सल्लागार बांधणाऱ्याच्या घरी जाऊन काम बघतात. या दोहोंत मला ब्रिटनची रीत आपल्यासाठी योग्य वाटते, कारण तिच्यात सहीची जबाबदारी ठरलेली असते.

माणसं कुठून आणणार, असा प्रश्न येईल. आमच्याकडे या. कोकणातल्या घराघरातून नौदलात, हवाई दलात, व्यापारी जहाजांवर आणि मुंबईच्या हँगरमध्ये माणसं गेली आणि निवृत्त होऊन परत आली. सिंधुदुर्गाच्या खाली गोव्यात आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ आहे, तिथे विमानांची देखभाल करण्यात आयुष्य गेलेले तंत्रज्ञ आहेत. आपल्याच परवान्यावर वर्षानुवर्षं विमानाच्या वहीत सही केलेले देखभाल अभियंते आज बागेला पाणी घालताहेत. त्यांच्यातून प्रत्येक दोन-तीन जिल्ह्यांमागे एक तपासनीस नेमता येईल. त्याचा प्रवासखर्च आणि मानधन बांधणाऱ्याने द्यावं. ते देण्याची माझी तयारी आहे, आणि ज्याची नसेल त्याने हा छंद करू नये असं मी स्पष्टच म्हणतो.

या छंदात धोका आहे, आणि तो मी लपवणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा स्वतंत्र अभ्यास जाहीर केला. २०११ च्या आकड्यांत ही विमानं तिथल्या खासगी, बिगर-वाहतूक विमानांच्या ताफ्यात सुमारे १० टक्के होती, पण अपघातांत १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के. इंजिनाची ताकद जाणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही मुख्य कारणं निघाली, आणि विमानाच्या अगदी सुरुवातीच्या उड्डाणांत धोका मोठा दिसला. हे आकडे वाचून छंदावर बंदी घालता येते, किंवा बांधणीच्या काळातच आणखी एक जोडी डोळे ठेवता येतात.

त्या दुसऱ्या जोडी डोळ्यांचं मोल सांगणारी एक घटना आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागरात लाँग-इझी जातीचं विमान कोसळून गेले. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून दुसऱ्या एका माणसाने बांधलेलं ते विमान डेन्व्हर यांनी विकत घेतलं होतं. आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची चावी वैमानिकाच्या समोर, हाताशी होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेली. तिच्यावर खुणाही नव्हत्या. ती फिरवायची तर मागे वळावं लागे, आणि वळताना ताबा सुटण्याची भीती. चौकशीत ही बदललेली जागा अपघाताच्या कारणांत नोंदली गेली. बांधणाऱ्याने वाईट हेतूने काही केलं नव्हतं. कॉकपिटमध्ये पेट्रोलची नळी नको, असा त्यामागचा विचार होता. पण कॉकपिट उघडं असतानाच एखाद्या अनुभवी तपासनीसाने त्या खुर्चीत बसून हात मागे नेऊन बघितला असता, तर त्याने ती चावी पुढे आणायला लावली असती.

आपल्याकडचं उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते सगळ्यांनी पाहिलं. त्याची नोंदणी झाली २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. त्यांच्या चिकाटीचा मला अभिमान आहे. पण प्रत्येकाकडून तेवढी चिकाटी आणि तेवढी वर्षं मागणारी वाट ही वाट म्हणता येणार नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला तर नाहीच. आता १९३४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. त्यात विमानाची रचना, निर्मिती आणि देखभाल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याखाली हौशी बांधणाऱ्यांचं एक स्वतंत्र, छोटं प्रकरण लिहायला याहून चांगली वेळ येणार नाही. सोपं करायचं ठरवलं की सरकार करतं, हे २०२१ च्या ड्रोन नियमांत दिसलं आहे. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले आणि शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर. ड्रोनसाठी जमलं ते दोन आसनांच्या विमानासाठीही जमेल, आणि इथे तर आम्ही तपासणी वाढवून मागतोय.

किनाऱ्याच्या सुरक्षेबद्दल आपल्या मनात शंका असणार. ती रास्त आहे. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडीला स्फोटकं उतरली, २००८ मध्ये दहशतवादी समुद्रातून मुंबईत आले. आम्ही किनाऱ्यावरची माणसं हे विसरलेलो नाही. पण २००८ नंतर सरकारने मच्छीमारी बंद केली नाही. खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रं दिली, बोटींची नोंदणी आणि रंग ठरवले, आणि २०२४ मध्ये एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर, म्हणजे बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र, बसवण्याची योजना पालघरला सुरू केली. विमानाचंही तसंच करा. शेपटीवर आणि पंखाखाली नोंदणी क्रमांक ठळक असू द्या, ट्रान्सपाँडर सक्तीचा करा, उड्डाणाआधी हवाई संरक्षणाची मंजुरी आणि तटरक्षक दलाला सूचना या अटी ठेवा. मांगराचं कुलूप कोणाकडे असतं हे पोलीस पाटलाला माहीत असू द्या. मला यातलं काहीच जाचक वाटत नाही.

उडवणार कुठे, याचंही उत्तर आहे. आमच्या जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. धावपट्टी अडीच किलोमीटरची. माझ्यासारख्या विमानाला आराखडाकाराच्या आकड्यांप्रमाणे शंभर फुटांच्या आसपास धावून उठता येतं. आपण सावधपणे त्याची चौपट धरली तरी धावपट्टीचा एक कोपरा पुरतो. नियमित विमानांच्या वेळा सोडून सकाळचे काही तास चाचणी उड्डाणांना मिळाले तर सिंधुदुर्गाचा प्रश्न मिटतो. पहिले चाळीस तास प्रवासी नको, वस्तीवरून उड्डाण नको, ठरावीक पट्ट्याबाहेर जायचं नाही, ही अमेरिकेतली रीत इथेही ठेवा. आमच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, नव्या धावपट्ट्या मात्र मुळीच नकोत. जांभ्याचा सडा सपाट दिसतो म्हणून तो रिकामा नसतो. पावसाळ्यात तिथे जी फुलं येतात ती दुसरीकडे येत नाहीत, आणि बारसूपासून कुडोपीपर्यंतच्या कातळशिल्पांपैकी काही युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. वाळूवर उतरण्याचीही परवानगी देऊ नका. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात.

इंधनाची एक अडचण आहे आणि ती फक्त आमची नाही. या आकाराच्या विमानात बहुतेक जण रोटॅक्स ९१२ जातीचं इंजिन बसवतात. ते साध्या शिसेविरहित पेट्रोलवर चालतं, पण निर्मात्याने इथेनॉलची मर्यादा १० टक्के घातली आहे. आपल्या पंपावर आता २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्या हवेत पाण्याला तोटा नाही. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये देशात बनवलेलं एव्हगॅस १०० एलएल हे छोट्या विमानांचं पेट्रोल बाजारात आणलं, ही चांगली गोष्ट झाली. ते किंवा इथेनॉल नसलेलं पेट्रोल थोड्या प्रमाणात कोकणातल्या एखाद्या ठिकाणी मिळावं, यासाठी आपण पेट्रोलियम मंत्रालयाशी बोलावं अशी विनंती आहे. इंजिन बंद पडणं हे अपघाताचं पहिलं कारण असेल तर इंधनाचा प्रश्न तपासणीइतकाच महत्त्वाचा आहे.

मांगरात माझ्याशिवाय आणखी माणसं येतात. फायबरच्या होड्या करणारा एक कारागीर पंखांची टोकं आणि इंजिनावरचं कव्हर करून देणार आहे. रेझिन आणि कापड यांचं प्रमाण त्याच्या हाताला मोजून न घेता कळतं, तरी मी त्याला तोलून घ्यायला लावतो आणि तो हसत हसत तोलतो. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक मित्र पेट्रोलच्या नळ्यांचे जोड बघतो. माझे जुने विद्यार्थी रविवारी येतात. शेजारच्या म्हाताऱ्या काकी मासळी घेऊन जाताना दारात थांबतात आणि दर वेळी विचारतात, "मास्तरानू, ह्यां खरांच उडतलां काय?" त्यांना मी अजून हो म्हटलेलं नाही. ते म्हणण्याचा अधिकार माझा नाही, तपासणी करणाऱ्याचा आहे.

विद्यार्थ्यांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण शिकवण्यातच आयुष्य गेलं. नागपूरच्या आयटीआयमध्ये दासो कंपनीच्या सहकार्याने एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर हा अभ्यासक्रम सुरू झाला. कोकणातल्या मुलाला त्यासाठी राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. आमच्याकडे रिव्हेट धरणारा प्रत्येक मुलगा एक गोष्ट शिकून जातो : जिथे कोणाची नजर पोचणार नाही तिथलं काम नजरेसमोरच्या कामाइतकंच स्वच्छ हवं. वर्गात हे मी फळ्यावर लिहून सांगायचो. पंखाच्या आत हात घालून बर शोधताना ते त्याच्या बोटांना कळतं. हौशी बांधकामाला मान्यता मिळाली तर प्रत्येक तालुक्यात नाही, पण प्रत्येक जिल्ह्यात असा एखादा मांगर, एखादी शेड उभी राहील, आणि तिथे शिकवायला आम्ही पेन्शनवर जगणारे लोक फुकट उभे राहू.

मी स्वतः ते उडवीनच असा माझा हट्ट नाही. वैद्यकीय तपासणीत बसलो तर खासगी वैमानिकाचा परवाना काढीन. तरीही पहिली उड्डाणं त्या जातीच्या विमानाचा अनुभव असलेल्या वैमानिकानेच करावीत, असंच मला वाटतं. आपण तशी अट घातलीत तर उत्तम.

माझ्या कामाची वही पहिल्या पत्र्यापासून ठेवलेली आहे. कोणता पत्रा कुठल्या बॅचचा, कोणत्या दिवशी प्रायमर लावला, हवेतला ओलावा किती होता, कोणत्या जोडाचा फोटो कोणता, हे सगळं तिच्यात आहे. आपल्या कार्यालयाने कोणालाही पाठवावं. निवृत्त अभियंता चालेल, तरुण अधिकारी चालेल, रजेवर गावी आलेला नौदलाचा तंत्रज्ञही चालेल. उजव्या पंखाचा वरचा पत्रा कापून, भोकं पाडून, प्रायमर लावून तयार आहे. तो मी क्लेकोवरच ठेवला आहे, रिव्हेट मारलेले नाहीत. येणाऱ्या माणसाने आत बघून दुरुस्ती सांगितली तर ती करीन. सांगाडा मोडून पुन्हा करायला सांगितला तर तसं करीन. आणि हे उडवू नका असं त्याने लेखी दिलं तर मी ते उडवणार नाही. मग ते विमान आहे तसं, पंख उघडा ठेवून, जिल्ह्यातल्या आयटीआयला शिकवण्यासाठी देईन. तसं पत्र मी या पत्रासोबत सही करून ठेवलं आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक
देवगड तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग